काढलेली एक ओळ

अंबड, नाशिक
८ जानेवारी २०२६

हुजैफा,

तुझा नंबर लागत नाही, मेल परत येतो. हा पत्ता तुझ्या बहिणीच्या, रिदाच्या लग्नाच्या कार्डावरून घेतला. कार्ड वेदिकाने कपाटात ठेवलं होतं. मालेगावात तुम्ही अजून त्याच घरात राहता की नाही ते माहीत नाही, म्हणून रजिस्टर करून पाठवतोय.

कामासाठी लिहितोय. दुसरं काही नाही.

कोल्ड स्टोरेजमधल्या गॅसच्या मशिनांवर मूळ सॉफ्टवेअर म्हणून आपण अजून तेच जुनं कर्नल चालवतो. ओझरजवळ जे झालं त्यानंतर तेजल मॅडमनी सगळी मशिनं परत मागवली, तुझ्या दुरुस्तीच्या पॅचसकट जुनं कर्नल घातलं आणि सांगितलं, याला आता कोणी हात लावायचा नाही. चार वर्षं कोणी लावला नाही. आता त्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद झालंय आणि गिऱ्हाइकं नवीन मागतायत. काम माझ्याकडे आलं. तुझ्या खुर्चीवर हल्ली मीच बसतो, तेव्हा दुसऱ्या कोणाकडे जाणार?

सोमवारपासून नव्या कर्नलवर आपले सगळे पॅच चढवून बिल्ड लावतोय. सहा पॅच गुमान बसतात, सातव्यावर गाडी थांबते. सातवा तुझा. त्याच्या तीन तुकड्यांपैकी तिसऱ्याला जागा सापडत नाही. नव्या कर्नलमध्ये त्या ड्रायव्हरची मांडणीच कोणीतरी बदलली आहे. तू ज्या फंक्शनमध्ये शिरला होतास, ते तिथे नाहीच.

तुझी फाइल काल मी पहिल्यांदा नीट वाचली. एकसष्ट ओळी. तेजल मॅडमना तू ती समजावली होतीस ते आठवलं. गॅस मोजणारा सेन्सर कधीकधी मध्येच गप्प होतो आणि तार धरून बसतो. कर्नल त्याची वाट बघत राहतं आणि स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच दिसत राहतो. "माझी फाइल एवढंच करते, मॅडम. तो गप्प बसला की त्याला नऊ टिचक्या मारते. तरी नाही बोलला तर भोंगा वाजवते." मॅडम हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, माझ्या मुलालाही हीच फाइल बसव.

तिसरा तुकडा कुठे घालायचा, एवढं कळव. चार ओळी पुरेत.

घरी सगळे बरे असतील. माजिदाआपांना सलाम सांग.

हर्षल


२२ जानेवारी २०२६

हुजैफा,

पोचपावती आली. तिच्यावर माजिदाआपांची सही आहे. म्हणजे घर तेच. उत्तर मात्र नाही.

नवल नाही. मी तुझ्या जागी असतो तर पाकीट फोडलंही नसतं.

मागच्या पत्रात मी "ओझरजवळ जे झालं" असं लिहिलं. पोस्टातून परत येताना ते शब्द डोक्यात अडकून राहिले. जे झालं! चार वर्षं मी असंच बोलतो. वेदिकाशीही असंच. आज नीट लिहून बघतो.

फेब्रुवारी २०२२. द्राक्षाचा हंगाम. भागीबाई नावाची क्रेट उचलणारी बाई थंड खोलीचं दार उघडायला गेली. दाराबाहेर आपलं मशीन होतं. स्क्रीनवर हिरवा दिवा आणि गॅसचा आकडा चार. सकाळपासून आकडा चारच होता. आत पाइपातून अमोनिया गळत होता आणि सेन्सर कधीचा मुका झाला होता. तिने दार ओढलं आणि सगळा लोट तिच्या तोंडावर आला. मागच्या बायका पळाल्या, ती सगळ्यांच्या पुढे होती. एक डोळा गेला. दुसऱ्याने अंधुक दिसतं.

मग ती मीटिंग. पडद्यावर लॉग लावला होता. त्या मशीनच्या कर्नलमध्ये तुझा पॅच नव्हताच. फाइल फोल्डरमध्ये होती, पण रेसिपीतली, म्हणजे बिल्डच्या यादीतली, तिची ओळ काढलेली होती, आणि ओळ नसली की बिल्ड त्या फाइलकडे बघतही नाही. मॅडमना हे दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "ओळ कोणी काढली?" आपल्या टीममधल्या समाधानने लॉग खाली सरकवला. १७ डिसेंबर २०२१, संध्याकाळचे पाच चाळीस. नाव हुजैफा अन्सारी.

तू पुढे वाकून ती नोंद पुन्हा वाचलीस. मग म्हणालास, "हां. मीच असेन."

मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तू माझ्याकडे बघशील असं वाटलं, म्हणून मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसलो. ते उघडंच होतं.

आठ दिवसांत तू राजीनामा दिलास. सगळ्यांशी हात मिळवलास, माझ्याशीही.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे आणि मलाही. तू बोलला नाहीस. का, ते मला कळलेलं नाही. वेदिकाला तेव्हा सातवा महिना होता, तुला आमची कीव आली असेल असं मी धरून चाललो. पुढे नंबर बदललास तेव्हा वाटलं, तिटकारा आला असेल. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला गप्प बसायला सोयीचं होतं.

याहून स्पष्ट आज लिहिता येत नाही.

तिसरा तुकडा अजून बसलेला नाही. ती ओळ काढली तर बिल्ड वीस मिनिटांत पुरा होईल. रोज तिच्याकडे बघतो आणि मशीन बंद करून घरी जातो.

हर्षल


९ फेब्रुवारी २०२६

हुजैफा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. आपा, तुमच्या हातात पडलं तर त्याला वाचून दाखवा. त्याने नको म्हटलं तरी वाचा.

काल मी भागीबाईंकडे गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. त्या कोल्ड स्टोरेजमध्ये माप घ्यायला गेलो होतो, तिथल्या सुपरवायझरला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. तो म्हणाला, इथून दोन किलोमीटर वस्ती आहे, कोणीही घर दाखवील. इतकं जवळ होतं.

त्या ओट्यावर सावलीत बसून लसूण सोलत होत्या. सून रोहिणी आत भाकरी टाकत होती. मी म्हटलं, नाशिकहून आलोय, मशीनच्या कंपनीतून. मला वाटलं, आता शिव्या बसतील.

"मशीनवाल्या कंपनीतले का तुमी? मंग त्या पोराला वळखत असाल."

"कोणत्या?"

"मालेगावचा हाय ना. उजेफा."

मी उभाच होतो. रोहिणीने खुर्ची आणून दिली.

"दर दोन महिन्यानं येतो," भागीबाई म्हणाल्या. "मला नाशकाच्या डोळ्याच्या दवाखान्यात घिऊन जातो. यष्टीनं नेतो, यष्टीनं आनतो. माझा पोरगा मजुरीला जातो, त्याला खाडा नाय परवडत. ह्यो मालेगावाहून येतो, बाबा."

"तो का येतो?" मी विचारलं.

"पह्यल्या खेपंला आला तव्हा पायाच पडाया लागला. म्हनला, मावशी, माझ्या हातून झालं. मी एक वळ पुसली आन् परत लिवायची इसरलो. मला काय कळतंय, कसली वळ न् कसलं काय. म्या म्हनलं, बाबा, मानूस हाय, इसरतं मानूस. पर त्याच्या मनातून जातच नाय. लय वाळलाय तो. तुमी सांगा ना त्याला कायतरी. तुमी संगतीचे."

मी चहा प्यालो. मी कोण, ते सांगितलं नाही. रोहिणीने नाव विचारलं तर आडनाव सांगितलं. मोटारसायकल ओझरच्या फाट्यावर लावली आणि तिथे अर्धा तास नुसता बसलो.

हुजैफा, तू ओळ परत लिहायला विसरला नव्हतास.

आता सगळं लिहितो. १७ डिसेंबर, शुक्रवार. रिदाचं लग्न. दुपारी तीनला मी तुला फोन केला की नव्या कर्नलवर सातवा पॅच बसत नाही आणि उद्या सकाळी बारा मशिनं ओझरला जायची आहेत. मागे शहनाई चालू होती. तू मांडवाच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून आपल्या बिल्डच्या मशीनवर शिरलास. आणखी काही अडतंय का ते बघायला सातव्याची ओळ तात्पुरती बंद केलीस. बाकी सगळं पुरं झालं. मग मला फोनवर म्हणालास, "ओळ परत टाकली आहे. तिसरा तुकडा नव्याने लिहावा लागेल, सोमवारी आल्यावर लिहितो. तोवर हात लावू नकोस. मॅडमना सांग, मशिनं मंगळवारी जातील."

तू फोन ठेवल्यावर मी फाइल उघडली. ओळ जागेवर होती. तू ती परत टाकली होतीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मीच फक्त पाहिलं.

मॅडमचा साडेपाचपर्यंत दोनदा फोन आला. "मंगळवारी" हा शब्द मला उच्चारता आला नाही. नवीनच सिनियर झालो होतो. मी ती ओळ काढली. बिल्ड पुरा झाला. टेबलावर सेन्सर कधी अडकत नाही, त्यामुळे सगळ्या चाचण्या पास. त्या बिल्डच्या मशीनवर तूच सगळं बसवलं होतंस म्हणून तिथून केलेल्या प्रत्येक कामावर तुझं नाव पडायचं. तुझं नाव मी मुद्दाम घातलं नाही, पडलंय हे मला तेव्हा कळलंही नाही. पण मीटिंगमध्ये पडद्यावर दिसलं तेव्हा कळलं, आणि मी बाटली उघडत बसलो.

सोमवारी तू आलास आणि विचारलंस, "तिसऱ्याचं काय?" मी म्हणालो, "बसला." तू माझा शब्द मानलास आणि दुसऱ्या कामाला लागलास.

मी चार वर्षं समजत होतो की तुला हे माहीत आहे. तू मला सोडून दिलंस असं समजत होतो. तुला स्वतःवरच संशय आला असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तू फोनवर काय म्हणालास ते तुलाच खरं वाटेना, आणि ते खरं होतं हे सांगू शकणारा एकच माणूस होता.

बुधवारी तेजल मॅडमना सांगतोय.

हर्षल


२० फेब्रुवारी २०२६

हुजैफा,

मॅडमना सांगितलं. ठरवलं होतं त्याच्या एक दिवस उशिरा सांगितलं, तेही लिहून टाकतो.

त्यांनी आधी विचारलं, "हर्षल, आता हे कशाला? मिटलंय ना सगळं?"

मी म्हटलं, "मॅडम, तो अजून त्या बाईंना दवाखान्यात नेतो. त्याला वाटतं त्याने केलं."

त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते की लग्नाची हौस होती तर रजा टाकायची होती, अर्धवट काम कशाला केलं. तू तिथेच बसला होतास."

"हो."

"तुला ठेवता येणार नाही."

"हो."

सोबत कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र आहे. ते त्यांनी कोणाकडून टाइप करून घेतलं नाही, स्वतः लिहिलं. वकिलांशी बोलणं झालं. पोलिसांत नव्याने जबाब द्यावा लागेल. देईन. तुला बोलावलं तर तारीख मी आधी कळवीन.

वेदिकाला सांगितलं तेव्हा ती नोकरीबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "बारशाला हुजैफा का नाही आला, मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, त्याला कशाचा तरी राग आलाय." मग मुलीच्या केसांना तेल लावत बसली. चार दिवस आम्ही घरात कामापुरतं बोलतोय.

तिसरा तुकडा बसला. ते फंक्शन नव्या कर्नलमध्ये वेगळ्याच फाइलमध्ये नेलंय. मला शोधायला एवढे दिवस लागले, तुला एक दुपार पुरली असती. यावेळी मी टेबलावरच्या पासवर विश्वास ठेवला नाही. सेन्सरची तार मुद्दाम वायरीने दाबून धरायची, सोडायची, परत धरायची, असं समाधानला शेजारी बसवून दोनशे वेळा केलं. दर वेळी एक तर सेन्सर बोलला, नाहीतर भोंगा वाजला. शेवटी शेजारच्या गाळ्यातले लोक भांडायला आले.

फाइलीवर लेखक म्हणून तुझंच नाव आहे. खाली मी लिहिलंय, नव्या कर्नलवर बसवलं, हर्षल. आणि लॉगमध्ये एक वेगळी नोंद टाकली, की १७ डिसेंबरची ती ओळ कोणी आणि का काढली. दोन्हींची प्रत पाठवतोय. वाचलीस तर चूक काढ.

माफीचा मजकूर तीनदा लिहिला आणि फाडला. वाचताना तो मला नोकरीच्या अर्जासारखा वाटला. पोस्ट बंद व्हायला आलंय.

हर्षल


मालेगाव
१ मार्च २०२६

हर्षल,

मराठी लिहायची सवय गेली आहे. चुका समजून घे.

तुझी पहिली दोन पाकिटं मी फोडली नव्हती. मला वाटलं, केस परत उघडली आणि कंपनी जबाब मागते आहे. आपाने जपून ठेवली होती. तिसरं तिने स्वतः फोडलं आणि तशीच दुकानात आली. मी हल्ली पॉवरलूमचे पॅनेल दुरुस्त करतो. कॉम्प्युटरला हात लावत नाही. समोर गिऱ्हाईक उभं होतं, महेबूबचाचा, त्यांचा एक लूम बंद होता. आपा त्यांच्यासमोरच मोठ्याने वाचायला लागली. चाचांना मराठी येतं. ते पॅनेल तिथेच ठेवून बाकावर बसून राहिले.

"तू ओळ परत लिहायला विसरला नव्हतास." हे मी आपाला तीन वेळा वाचायला लावलं.

पाच चाळीसला मी काय करत होतो, हे मी चार वर्षं आठवत आलो. आपा म्हणायची, तू वरातीच्या लोकांना सरबत देत होतास, मी बघितलं. मला वाटायचं, बहीण आहे, मला वाचवायला बोलते. मी म्हणायचो, नेट गेलं असेल, ओळ सेव्ह झाली नसेल, गडबडीत मीच तो बदल लॉगमध्ये चढवला असेल. सोमवारी तू "बसला" म्हणालास, तेही ओळच नव्हती म्हणून तुला तसं दिसलं असेल. नाव तर माझंच होतं. यंत्र कशाला खोटं बोलेल?

तुला सांगतो या चार वर्षांत काय झालं. दुकानाला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि परत येऊन कुलूप ओढून बघतो. घरात गॅस बंद केला की आपाला बघायला सांगतो. पॅनेल जोडलं की गिऱ्हाइकाला म्हणतो, तुम्ही पण एकदा बघून घ्या, माझ्यावर राहू नका. लोक हसतात. दोन स्थळं आली, मी नाही म्हटलं. ज्याला स्वतःने केलेलं आठवत नाही, त्याने कोणाची मुलगी कशाला आणायची?

तुला वाटलं, मला माहीत होतं आणि मी तुला सोडलं. मी इतका चांगला नाही. माहीत असतं तर त्याच खोलीत बोललो असतो, आणि तुझी कॉलर धरली असती.

आता माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. रोजे चालू आहेत, खोटं लिहिणार नाही. आपा म्हणते, निदान याने सांगितलं. मी म्हणतो, मावशीकडे गेला नसता तर सांगितलं असतं का? तू स्वतःला विचार, मला उत्तर पाठवू नकोस.

पॅचची प्रत वाचली. पानं दोन दिवस तशीच पडून होती, मग वाचली. तिसरा तुकडा बरोबर बसवला आहेस. सेन्सरची वाट बघायची वेळ तू पाच सेकंद ठेवली आहेस. ती एक कर. त्याला इतकी मुदत द्यायची नाही. नोकरी सोडून जायच्या आधी बदल.

आज भागीबाईंकडे गेलो होतो. तारीख नव्हती, असाच गेलो. त्यांना म्हटलं, मावशी, मी खोटं बोललो नव्हतो, पण जे सांगितलं ते खरं नव्हतं. ते माझ्या हातून झालं नाही. मला वाटलं, विचारतील, मग कोणाच्या हातून झालं? ते त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "मंग आता तू येनार नाय का?"

येईन म्हणालो. येणार आहे. पण हर्षल, मी थकलो आहे. पहाटेची गाडी पकडायची, दिवसभर त्या बाकड्यावर बसायचं आणि घरी येईपर्यंत त्यांच्या डोळ्याकडे बघून मनात तेच तेच म्हणायचं, असं चार वर्षं केलं.

त्यांची पुढची तारीख ११ मार्च आहे, बुधवार. त्या दिवशी तू ने. त्या साडेआठला फाट्यावर उभ्या असतात, रोहिणी सोडायला येते. गाडीत उजव्या बाजूला बसव, डाव्या बाजूने ऊन येतं आणि त्यांना ते सोसत नाही. दवाखान्यात थेंब टाकल्यावर दोन तास काहीच दिसत नाही, तेव्हा त्यांना एकटं सोडू नकोस. हाताला धरलेलं त्यांना आवडत नाही, तुझ्या खांद्यावर त्यांना हात ठेवू दे.

त्या विचारतील, कोण आलंय. तुझं नाव मी घेतलेलं नाही. ते तू सांग, आणि पुढचंही तूच सांग.

हुजैफा